साडेतीनशे किलोंची गाडी

लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर. इंजिन ६६० सीसीच्या आत. माल ३५० किलो, त्यावर कागदोपत्री एक किलोही नाही. जपानात जिला ‘केइतोरा’ म्हणतात, त्या पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या मालवाहू गाडीची अख्खी जन्मकुंडली एवढीच. हे आकडे कुठल्या कंपनीने ठरवलेले नाहीत, सरकारने ठरवले आहेत. कंपन्यांना उरतं ते एकच काम : या खोक्यात ड्रायव्हर, शेजारी एक माणूस, इंजिन, चार चाकं आणि मालाचा हौदा बसवायचा. दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडणाऱ्या बाईला जे डोकं लागतं, तेच इथे लागतं. पलंग कुठे टाकायचा ते एकदा ठरलं की बाकीचं आपोआप ठरत जातं. या गाडीतला पलंग म्हणजे इंजिन.

मी मूळची कराडकडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग पुण्यात नोकरी, आणि आता गुन्मा प्रांतातल्या ओता गावात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात. ओता हे सुबारूचं गाव. इतकं, की कारखाना जिथे आहे त्या वस्तीचं पत्त्यातलं नावच ‘सुबारू-चो’ आहे. आमच्या घरामागे शेतं आहेत. इथे यामातोइमो नावाचा कंद पिकतो, किसला की हाताला चिकटून बसणारा; पलीकडे याबुझुकाला छोटी कलिंगडं होतात. हिवाळ्यात आकागी डोंगरावरून असा वारा सुटतो, की वाळत घातलेली चादर दोन घरं सोडून सापडते. शेतं लहान, बांधावरचे रस्ते अरुंद, आणि त्या रस्त्यांवर सकाळी सहापासून केइतोरा. चालवणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे.

शेजारच्या आजींकडे पांढरी सुबारू सांबर आहे. हो, आपलं रानातलं सांबरच. सुबारूने गाडीला हरणाचं नाव दिलं. नवरा पहिल्यांदा ते वाचून इडली मागायला लागला होता, पण ते असो. मी या गाडीच्या नादाला लागले ती आजींमुळे. त्यांनी एकदा पेट्रोलपंपावर मागची फळी खाली केली, तिच्याही खालचं झाकण उघडलं आणि आत तेलाची पातळी बघायला लागल्या. इंजिन मागे! मालवाहू गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे? मी पुण्यात शिकलेलं सगळं क्षणभर उलटं झालं.

त्याचं उत्तर शोधायला १९४९ पर्यंत मागे जावं लागतं. युद्धाने देश बसलेला, लोकांकडे पैसा नाही, पेट्रोल नाही. त्या वर्षी जपान सरकारने ‘केइ’ म्हणजे हलक्या वाहनांचा वेगळा वर्ग काढला. सुरुवातीला फोरस्ट्रोक इंजिनाला मर्यादा होती १५० सीसीची, त्यात मोटार कसली होते. ती वाढवत वाढवत १९५५ पर्यंत टूस्ट्रोक, फोरस्ट्रोक दोन्हींना ३६० सीसी अशी आली. गाडीची लांबी तीन मीटर, रुंदी १.३० मीटर. कर कमी, कटकटी कमी. मग लोक हात घालायला लागले.

आधी आल्या तीनचाकी. दाइहात्सूने १९५७ मध्ये ‘मिजेट’ काढली : पुढे एक चाक, सायकलसारखं हँडल, एकाच माणसाची जागा, २५० सीसीचं इंजिन. तांदळाची, दारूची, सोयासॉसची दुकानं असलेले लोक तोवर सायकलवर माल पोचवत होते. त्यांनी ही उचलली. पुढे हीच जात थायलंडला गेली आणि तिथल्या टुकटुकची आजी झाली. साधारण त्याच वर्षांत आपल्याकडे बजाज टेम्पोने जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी बनवायला घेतली होती. अख्ख्या महाराष्ट्राने त्यानंतर कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हटलं. माझे वडील अजूनही सांबरला टेम्पोच म्हणतात.

तीनचाकीचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. वळणावर कलंडते. चौथं चाक लावायचं तर किंमत वाढते आणि तीन मीटरचं खोकं काही वाढत नाही. १९६० च्या शेवटी दाइहात्सूने चारचाकी ‘हायजेट’ आणली, १९६१ मध्ये सुझुकीने ‘कॅरी’. दोन्ही सुरुवातीच्या गाड्यांना पुढे नाक होतं, म्हणजे बॉनेट. नाक ठेवलं की हौदा तेवढाच आखूड होतो, हे त्यांनाही कळत होतं, पण नेहमीच्या वाटेने जाणं सोपं असतं. पुढे दोघांनीही नाक कापलं.

सुबारूने ते मुळात ठेवलंच नाही. १९६१ च्या फेब्रुवारीत आलेली पहिली सांबर सपाट तोंडाची होती. ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसलेला, इंजिन शेपटीला. यामागे फार मोठी दूरदृष्टी होती असं म्हणावं तर तसंही नाही. खरं कारण असं, की कंपनीकडे १९५८ पासून ‘सुबारू ३६०’ ही छोटी मोटार होती. तिचं इंजिन मागे होतं : दोन सिलिंडर, टूस्ट्रोक, हवेने थंड होणारं, ३५६ सीसीचं. गिअरबॉक्स आणि इंजिनाचा तो सगळा जुडगा तयार, चाललेला, ओळखीचा. तोच उचलून शिडीसारख्या फ्रेमच्या मागच्या टोकाला लावला, ड्रायव्हरला पुढे ढकलला, मधल्या जागेत हौदा. घरात जे आहे त्यात भागवलं. ताकद वीस अश्वशक्तीच्या आतली, पण त्या काळात रस्तेच असे होते की वेगाचं कुणाला पडलेलं नव्हतं.

आणि ती सुबारू ३६० तरी कुणी केली? विमानं बनवणाऱ्यांनी. ओतामध्ये युद्धापूर्वी नाकाजिमा विमान कंपनी होती, लढाऊ विमानं करणारी. युद्ध हरल्यावर विमानं करायलाच बंदी. कंपनीचे तुकडे झाले. विमानाचे इंजिनिअर आधी ‘रॅबिट’ स्कूटर करायला लागले, मग बस, मग मोटार. १९५३ मध्ये त्यातल्या तुकड्यांची मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली, जिचं नाव आता सुबारू कॉर्पोरेशन आहे. ३६० चे प्रमुख अभियंता शिनरोकु मोमोसे हेसुद्धा नाकाजिमातले. ज्या माणसाने विमानाच्या प्रत्येक किलोचा हिशेब केला आहे, त्याच्या हातात ३६० सीसीची मोटार दिली तर तो काय करणार? पातळ पत्रा, कवचासारखी बॉडी, लहान चाकं, सगळं वजन चारशे किलोंच्या आत. आमच्या कारखान्यातले म्हातारे कारागीर आजही एखादा भाग हातात घेऊन आधी तोलून बघतात, मग मोजमाप करतात. मला ते सुरुवातीला नाटकी वाटायचं.

आता इंजिन मागे असल्याचा फायदा काय, ते शेतात कळतं. नेहमीच्या छोट्या मालगाडीत इंजिन पुढे किंवा सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. हौदा भरलेला असला तर ठीक. रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या मातीत नुसती फिरतात. सांबरच्या मागच्या चाकांवर इंजिन कायमच बसलेलं, त्यामुळे रिकाम्या गाडीलाही पकड. माल चढला की त्याचं वजन दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये पडतं, म्हणजे पुढचं चाकही जमिनीला धरून राहतं. दुसरं म्हणजे आवाज. इंजिन हौद्याच्या पलीकडे, ड्रायव्हरपासून लांब. आजी आणि त्यांची बहीण शेतावरून येताना गप्पा मारत येतात. दुसऱ्या गाडीत ओरडावं लागतं, असं त्या सांगतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, ती म्हणजे चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं. प्रतिस्पर्ध्यांच्या मागच्या बाजूला पाटे होते, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटे स्वस्त, दणकट, गॅरेजवाल्याच्या ओळखीचे. सांबरने ते कधी लावले नाहीत, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत. गुन्मात यायोइहिमे नावाची स्ट्रॉबेरी होते; ती पिकवणाऱ्याला विचारा, बांधावरच्या खड्ड्यांतून जाताना हौद्यातलं फळ किती दबतं यावर त्याचा भाव ठरतो. मागे इंजिन आणि वर हे सस्पेन्शन, म्हणून लोकांनी तिला ‘शेतरस्त्यावरची पोर्शे’ असं नाव ठेवलं. थट्टेतच, पण थट्टा खरी आहे. पोर्शे ९११ चंही इंजिन तिथेच असतं.

इथे होंडाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो सगळा वेडेपणाच होता.

१९६० च्या आसपास होंडा म्हणजे मोटारसायकल. चारचाकी एकही नाही. तेवढ्यात उद्योग मंत्रालयाने एक कायदा आणायचं ठरवलं. त्याचा मतलब असा, की देशात मोटार कंपन्या फार झाल्या, आहेत त्यांना मोठं करू, नव्यांना आत येऊ द्यायचं नाही. सोइचिरो होंडा खवळले. कायदा यायच्या आत चारचाकी बनवून दाखवायची, म्हणजे आम्ही ‘आधीपासूनचे’ ठरू, अशी घाई सुरू झाली. त्या घाईत ऑगस्ट १९६३ मध्ये होंडाची पहिली चारचाकी बाजारात आली, आणि ती होती मालवाहू : टी ३६०. होंडाची स्पोर्ट्स कार त्यानंतर दोन महिन्यांनी आली.

टी ३६० चं इंजिन ऐका. ३५४ सीसीत चार सिलिंडर. म्हणजे एकेका सिलिंडरला नव्वद सीसीसुद्धा नाही. झडपा उघडायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. कार्ब्युरेटर चार, प्रत्येक सिलिंडरला एक. ताकद ३० अश्वशक्ती, आणि ती मिळणार मिनिटाला ८,५०० फेऱ्यांना. कोबीचे गड्डे वाहायची गाडी, आणि इंजिन शर्यतीच्या मोटारसायकलच्या घराण्यातलं! सांबर आणि कॅरी विशीच्या आसपास घोटाळत असताना ही तीस. चार कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घ्यायचे म्हणजे काय, हे ज्याने दोन कार्ब्युरेटरची गाडी सांभाळली आहे त्याला विचारावं. तरीही लाखाच्या वर टी ३६० विकल्या गेल्या. तो कायदा मात्र संसदेत पास झालाच नाही. १९६७ मध्ये होंडा शहाणी झाली आणि पुढच्या टीएन ३६० ला आपल्या छोट्या मोटारीचं साधं दोन सिलिंडरचं इंजिन बसवलं. माझं मत विचाराल, तर टी ३६० ही उत्तम मालगाडी नव्हती. पण ती बघताना हसू येतं, आणि असं हसू आणणारी मालगाडी मला दुसरी माहीत नाही.

होंडाने इंजिन हौद्याखाली, मागच्या धुऱ्याच्या जरा पुढे ठेवायची रीत लावली आणि १९७७ च्या ‘ॲक्टी’पासून ती शेवटपर्यंत पाळली. त्यामुळे तिला ‘शेतरस्त्यावरची फेरारी’ म्हणणारेही आहेत. सुझुकीच्या कॅरीने इंजिन सीटखाली घेतलं. आणि ही रचना मला, तुम्हाला, आपल्या सगळ्यांना बुडाने माहीत आहे. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, पुढे जिचं नाव ओम्नी झालं, ती कॅरीच्याच निर्यातीच्या मॉडेलवरून घेतलेली. आमच्याकडे कराड-पाटण रस्त्याला वडाप म्हणून ओम्नी चालायच्या. पुढच्या सीटवर दाटीने बसलं की मे महिन्यात मांड्या भाजायच्या आणि ड्रायव्हर म्हणायचा, ‘ताई, खाली पोतं घ्या.’ इंजिन ढुंगणाखाली असतं म्हणजे काय ते मला डिप्लोमाच्या आधीच शिकवलं गेलं होतं. ओम्नी २०१९ ला बंद झाली. तिच्या मालवाहू बहिणीला जपानात अजून मरण नाही.

खोकं मधूनमधून वाढत गेलं. १९७६ ला ५५० सीसी आणि ३.२० मीटर, १९९० ला ६६० सीसी आणि ३.३० मीटर, १९९८ ला आजची मापं. प्रत्येक वाढीचं कारण वेगळं. पहिल्यांदा धुराचे नियम कडक झाले आणि ३६० सीसीत ते साधेना. शेवटच्या वेळी टकरीची सुरक्षितता. सुबारूने १९८० ला सांबरला फोरव्हील ड्राइव्ह दिला, आणि डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांसाठी तो मोठा बदल होता. १९९० ला चार सिलिंडरचं इंजिन आलं. बाकीचे सगळे तीनवर. साडेसहाशे सीसीला चार सिलिंडर म्हणजे खर्च जास्त, पण इंजिन गुळगुळीत. वर सुपरचार्जरचा, म्हणजे हवा दाबून ताकद वाढवायचा, पर्यायही.

१९९८ च्या मापांनंतर एक गंमत झाली, आणि माझ्या मते या गाडीच्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे. सुरक्षिततेसाठी सुझुकी आणि होंडा या कंपन्यांनी पुढचं चाक ड्रायव्हरच्या बुडाखालून काढून त्याच्या पावलांच्याही पुढे नेलं. कागदावर सगळं छान. धडक बसली तर मध्ये चाक आहे, पाय पसरायला जागा आहे, हायवेवर गाडी स्थिर. पण पुढचं-मागचं चाक एकमेकांपासून लांब गेलं की गाडीला वळायला जास्त जागा लागते. शहरात हे चालून जातं. बांधावर नाही चालत. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भाताची खाचरं आणि मध्ये गाडीपेक्षा जेमतेम रुंद रस्ता. एका झटक्यात वळली नाही तर मागेपुढे करावं लागतं, आणि मागेपुढे करताना चाक खाचरात. शेतकऱ्यांनी कुरकूर केली. सुझुकीने २००५ मध्ये धुऱ्यांमधलं अंतर आखूड असलेली कॅरी पुन्हा बाजारात आणली आणि लांबवाली तिच्याशेजारी ठेवली. होंडाने २००९ ला ॲक्टीचं चाक परत सीटखाली नेलं; वळायची त्रिज्या ३.६ मीटर. २०१३ ची नवी कॅरी आली तीही तशीच. संगणकावर केलेल्या आखणीला चिखलाच्या रस्त्याने परत पाठवलं. सांबर आणि हायजेटच्या मालवाहू गाड्यांनी चाक हलवलंच नव्हतं, त्यामुळे ते दोघं नुसते बघत राहिले.

अशा बारीक गोष्टी या गाडीत फार. हौद्याची लांबी साधारण १.९ मीटर आणि रुंदी १.४ मीटर. जपानी प्लायवूडचा ठरलेला तक्ता ९१० बाय १,८२० मिलिमीटरचा असतो, तो त्यात सपाट बसतो. इथे तांदूळ तीस किलोंच्या कागदी पोत्यात भरतात. साडेतीनशेला तीसने भागा : अकरा पोती. सुगीत आजींच्या गाडीत अकराच असतात असं मी शपथेवर सांगणार नाही. शेतीच्या मॉडेलला नेहमीच्या पहिल्या गिअरच्याही खाली आणखी एक गिअर मिळतो, इतका संथ की गाडी आपोआप सरकत राहते, माणूस बाजूने चालत कोबी तोडून हौद्यात टाकत जातो. एक चाक चिखलात फिरत राहिलं तर दोन्ही चाकांना एकत्र बांधणारा लॉक. दाराची उंची गमबूट घातलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या हिशेबाने. मी तपासणीत काम करते, त्यामुळे मला हे दिसतं. नाहीतर गाडी म्हणून बघितलं तर पांढरं खोकंच.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मागे इकडे राहून गेले. आयुष्यभर ऊस केलेला माणूस. त्यांनी सांबरभोवती फेरी मारली, चाकाला बोटं लावून बघितली. बारा इंची टायर.

‘किती पासिंग आहे?’

‘साडेतीनशे किलो, आबा.’

‘मग ह्यात न्यायचं काय, कोथिंबीर?’

आजींना भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्यांनी आबांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. त्यांनी किल्ली काढून सरळ आबांच्या पुढे धरली. परवाना नाही म्हणून आबा शेजारी बसले. अर्ध्या तासाने परत आले ते गप्प होते. मग म्हणाले, ‘वळते मात्र गं. आपल्या म्हशीच्या गोठ्यापुढं फिरंल.’ रात्री जेवताना पुन्हा : ‘पण आपल्याकडं नाही टिकायची. पहिल्याच हंगामात लोक दीड टन भरतील.’

यात आबांचं चुकत नाही. पुण्यात टाटांनी ‘एस’ केली, म्हणजे आपला छोटा हत्ती, तेव्हा तिचा जन्मही अशाच तीनचाकीच्या वरच्या रिकाम्या जागेत झाला. २००५ ला ती आली. दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन, बिगीबिगी पळणारी नाही पण भार घेणारी. माल कागदावर पाऊण टन, म्हणजे केइतोराच्या दुपटीहून जास्त, आणि रस्त्यावर किती ते मार्केट यार्डात उभं राहून बघावं. तिला पाटे आहेत, आणि असायलाच हवेत. सांबरचं नाजूक सस्पेन्शन आपल्याकडे आणणं म्हणजे त्याचा छळ. साडेतीनशे किलोंचा नियम जिथे थोडाफार पाळला जातो तिथेच साडेतीनशे किलोंची गाडी नीट जगते. जपानात तो पाळला जातो यालाही कारणं आहेत : मालकीची शेती लहान, घरटी एक गाडी, वर्षाचा कर पाच हजार येन, आणि दर दोन वर्षांनी कडक तपासणी. ट्रकचा धंदा करायला कुणी ही घेत नाही.

नाही, एक अपवाद आहे. ‘आकाबो’. हे नाव मुळात रेल्वे स्टेशनावरच्या लाल टोपीच्या हमालांचं. १९७५ पासून एकेकट्या गाडीमालकांची या नावाची सहकारी संघटना आहे, छोटं सामान पोचवणारी, घर बदलून देणारी. दिवसरात्र महामार्गावर पळायचं म्हणजे शेतातल्या इंजिनाचं काम नव्हे. म्हणून सुबारू आकाबोसाठी खास सांबर बनवायची. आतले भाग जास्त टिकाऊ, आणि ओळखू यावं म्हणून इंजिनाच्या वरचं झाकण लाल. एका संघटनेसाठी इंजिन वेगळं करणं हे आजच्या कुठल्या हिशेबात बसेल मला सांगता येणार नाही.

आणि शेवटी हिशेबानेच गाडी थांबली. २००५ मध्ये टोयोटाने फुजी हेवीत हिस्सा घेतला, २००८ मध्ये तो वाढवायचं ठरलं, आणि त्याच वेळी जाहीर झालं की सुबारू स्वतःच्या केइ गाड्या बनवणं सोडणार. टोयोटाच्या घरात दाइहात्सू होतीच, म्हणजे एका घरात दोन छोट्या गाड्या कशाला? आणि सांबरची फ्रेम, सस्पेन्शन यातलं काहीच दुसऱ्या कशाला वापरता येत नव्हतं. सगळं स्वतःपुरतं. पन्नाशीनिमित्त २०११ मध्ये हजार गाड्या निळ्या रंगात काढल्या, सुबारूच्या रॅलीच्या गाड्यांचा असतो तो निळा. २८ फेब्रुवारी २०१२ ला ओताच्या कारखान्यातून शेवटची सांबर बाहेर पडली. एक्कावन्न वर्षं इंजिन मागेच राहिलं. ती लाइन मग स्पोर्ट्स कार बनवायला वापरली गेली. आमच्या कारखान्यातला एकजण त्या वेळी तिथे होता; तो म्हणतो, नवीन गाडी देखणी होती, पण तिच्यात माझ्या सासऱ्याला काय न्यायचं होतं?

मला व्यवहार कळतो. त्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. तरी एक गोष्ट खटकते ती लिहिते : सांबर शेतात हरली नाही. चिखलात, उतारावर, फळांच्या पेट्यांखाली तिला कुणी मागे टाकलं नव्हतं. होंडाची ॲक्टीही २०२१ ला गेली, तीही कागदावरच. आता ‘सांबर’ नावाची गाडी दुकानात मिळते, पण ती दाइहात्सूची हायजेट आहे, सुबारूचा बिल्ला लावलेली. चांगली गाडी आहे. पुढे काही आडवं आलं तर स्वतः ब्रेक लावते. इंजिन सीटखाली.

आता केइतोराचे दुसरेच उद्योग चालू आहेत. इवाते प्रांतातल्या शिझुकुइशीमध्ये २००५ ला ‘केइतोरा बाजार’ सुरू झाला. शेतकरी गावातल्या मुख्य रस्त्यावर ओळीने गाड्या लावतात, मागची फळी खाली केली की दुकान मांडलं. ती कल्पना पुढे देशभर गेली. बागा करणारे कारागीर हौद्यातच दगड, शेवाळ, छोटं झाड लावून बाग करतात आणि त्यांच्या स्पर्धा होतात. अमेरिकेत पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या परदेशी गाड्या आणता येतात, त्यामुळे तिकडच्या शेतांवर नव्वदच्या दशकातल्या सांबर आणि कॅरी पोचायला लागल्यात. तिकडच्या ट्रकच्या हौद्यात ही अख्खी मावेल.

आजींचा मुलगा टोकियोला असतो. तो गेल्या हिवाळ्यात त्यांना नवीन गाडी दाखवायला घेऊन गेला, स्वतः ब्रेक लावणारी. आजींनी ती शेताच्या रस्त्याने चालवून बघितली, वळवली, वळणाबद्दल तक्रार नाही म्हणाल्या. बहीण शेजारी बसली होती. तिचं म्हणणं, पाय गरम होतात आणि तू काय बोलतेस ते ऐकू येत नाही. मुलाने किंमत, सुरक्षितता, वय असं सगळं समजावलं. आजींनी नवीन गाडीची किल्ली नमस्कार करून परत दिली आणि जुन्या सांबरला नवीन क्लच टाकून घेतला. क्लचचं काम करणारा माणूसही सत्तरीचा आहे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे हौद्याच्या खालच्या कडेचा गंज आधी बघायला हवा होता.